मदत हवी आहे : भाचीला काय सांगू?

भाची दहावीत आहे, रंगाने सावळी. घरी येणारी प्रत्येक काकू "नाकीडोळी नीटस आहे हो, पण..." म्हणून थांबते. (आणि याच काकू पंचवटीत काळ्या पाषाणातल्या काळारामापुढे डोळे मिटून उभ्या राहतात!) परवा तिच्या दप्तरात गोरं होण्याची ट्यूब सापडली. त्यात मोमेटासोन, म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरांना न विचारता रोज लावलं तर त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो. काढून घेतली तर दुसरी आणेल. आजोबांची नखं कापता कापता त्यांच्याकडून गंगेच्या (म्हणजे आपल्या गोदावरीच्या) पुराच्या गोष्टी काढून घेणारी पोर ही. मी मनाच्या सौंदर्याचं बोलले, तर म्हणाली, "मावशी, हे फक्त सावळ्यांनाच का सांगतात?" काय उत्तर देऊ? इंदिरानगर, नाशिकरोडकडे मुलींशी नीट बोलणारे त्वचारोगतज्ज्ञ कुणी सुचवाल का?