सब ऑफिसरची खात्यांतर्गत परीक्षा, टेक्निकलची तयारी कशी करावी?

लिडिंग_नाशिक
नमस्कार मंडळी, नाशिकलाच फायरमध्ये आहे, सध्या लिडिंग फायरमन. सब ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा द्यायचीये. कायदा वाचून लक्षात राहतोय पण हायड्रॉलिक्सची (पाण्याचा दाब, प्रवाह) गणितं आली की सगळं अडतं, सूत्र आज पाठ केलं की परवा गायब. त्यात शिफ्ट ड्युटी, वर्दी आली की वही तशीच टाकून पळायचं. क्लास लावू का? ज्यांनी परीक्षा दिलीये त्यांनी प्लीज सांगा, तोंडीला काय विचारतात तेपण.

पंपवाले_काका
बाळा, क्लासचे पैसे राहू दे, तुझ्या स्टेशनला पंप उभा आहे त्याच्यावरच अभ्यास कर. नोझलमधून (होजच्या टोकाची तोटी) मिनिटाला किती पाणी पडतं ते काढायला नोझलचा व्यास मिलीमीटरमध्ये घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले दाबाचं वर्गमूळ (दाब बारमध्ये), आणि जे येईल त्याचे दोन तृतीयांश, झालं लिटर पर मिनिट. २० मिमीचं नोझल ४ बारवर धर, ४०० गुणिले २ म्हणजे ८००, त्याचे दोन तृतीयांश ५३३. आता गाडीची टाकी ४५०० लिटरची असेल तर एका ब्रँचवर (नोझल लावलेला, हातात धरायचा नळ) साडेआठ मिनिटंसुद्धा पुरत नाही. जुन्या नाशकात वाड्याला आग लागली, गल्लीत गाडी शिरत नाही, लांबून होज (पाण्याचा पाइप) टाकायचाय, तेव्हा दुसरी गाडी कधी मागवायची ते हेच गणित सांगतं. होजमधून दुप्पट पाणी न्यायला गेलास तर फ्रिक्शन लॉस (पाइपात घर्षणाने कमी होणारा दाब) चौपट होतो हेपण तिथेच जोडून ठेव. आणि त्याच नोझलची, झोतामुळे मागे ढकलणारी, जेट रिअ‍ॅक्शन काढ, ०.१५७ गुणिले दाब गुणिले व्यासाचा वर्ग, २५१ न्यूटन येते, म्हणजे पंचवीसेक किलोचा रेटा. ब्रँच धरणाऱ्या पोराला तो खांद्यात जाणवतो, तुला पेपरात लिहिता आला पाहिजे.

सक्शनचा, म्हणजे नदी-विहिरीतून पंपाने पाणी ओढण्याचा, प्रश्न तर सोडूच नको. पाणी वर चढतं ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, पंप फक्त आतली हवा काढून देतो. समुद्रसपाटीला पाणी हिशोबाने १०.३ मीटर चढतं, आपलं नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर म्हणून इथे साडेनऊच्या आसपास, आणि प्रत्यक्षात ७ मीटर मिळाले तरी खूप. गोदावरीवर ड्राफ्टिंगचं (नदीतून पाणी ओढायचं) ड्रिल असेल तेव्हा स्वतः प्रायमिंग (आतली हवा काढणं) कर आणि व्हॅक्युम गेजचा काटा बघत राहा, कपलिंगचं वॉशर खराब असेल तर काटा चढतच नाही. हे डोळ्याने बघितलेला माणूस तोंडीला गडबडत नाही.

सातपूरची_सेफ्टी
दादा, मी फायर सर्व्हिसमधली नाही, एमआयडीसीत कंपनीत सेफ्टी बघते, पण इन्स्पेक्शनला येणारे साहेब काय विचारतात ते रोजचंच आहे म्हणून लिहिते. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा, लागू ६ डिसेंबर २००८ पासून, नियम २००९ चे, एवढं सगळेच लिहितात. पण फॉर्म ए आणि फॉर्म बी यातला फरक नीट लिहा. यंत्रणा बसवल्याचा दाखला लायसन्सधारक एजन्सी देते तो ए, आणि ती चालू स्थितीत आहे म्हणून दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा तो बी, आणि तो द्यायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची. हायड्रंटसाठी आयएस (भारतीय मानक) ३८४४, स्प्रिंकलरसाठी १५१०५, एक्स्टिंग्विशरसाठी २१९०. बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) पोर्टलवर रजिस्टर केलं की फुकट डाऊनलोड होतात, फोटोकॉपीच्या नोट्स विकत घेऊ नका प्लीज, त्यात जुन्या तरतुदी तशाच छापलेल्या असतात.

तपोवन_०२५३
वरच्या दोघांना अनुमोदन. २०२७ चा कुंभ तोंडावर आहे, त्यामुळे मंडप आणि तात्पुरती बांधकामं जरूर करून जा, आयएस ८७५८ त्याचाच आहे. साधुग्राममध्ये कापडी तंबू, शेजारी सिलिंडरवर भंडारा, एलपीजी हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत पसरतो, असं इथलं उदाहरण घेऊन उत्तर लिहिलं की ते पाठांतर वाटत नाही. आणि १४ एप्रिलचा अग्निशमन सेवा दिन का पाळतात असं विचारलं तर नुसती तारीख सांगू नका. १९४४, मुंबई गोदी, एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं, आपले ६६ जवान गेले. आपण ज्या खात्यात मोठी जागा मागतोय तिथे हे नीट, उभं राहून सांगता आलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

लिडिंग_नाशिक
खूप आभार सगळ्यांचे. काका, बीए सेटचं (धुरात श्वास घ्यायला पाठीवर लावायचा हवेचा सिलिंडर) एक गणित करून बघितलं, तपासा. ६ लिटरचा सिलिंडर, ३०० बार, म्हणजे १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरले तर ४५ मिनिटं, १० राखीव, उरली ३५. बरोबर?

पंपवाले_काका
बरोबर. पण जिना चढून, माणूस उचलून आणताना ४० वर भागत नाही. ६० धरून परत काढ, राखीव १० तशीच ठेव.

लिडिंग_नाशिक
२० मिनिटं. बरंच कमी झालं की. उद्याच्या ड्रिलला आत जाताना आणि बाहेर आल्यावर प्रत्येकाचं गेज रीडिंग लिहून घेतो, आमच्या शिफ्टच्या पोरांचं खरं कन्झम्प्शन किती येतं ते इथेच टाकतो.