पहिले तीन महिने जाहिरातीवर एक पैसाही खर्च करू नये: पटतं का?

पाटीवाला (धागालेखक)

नवा धंदा सुरू करणारे हल्ली पहिला प्रश्न एकच विचारतात: "इन्स्टाग्रामवर जाहिरातीला किती ठेवू?" माझं उत्तर: शून्य. निदान पहिले तीन महिने.

जाहिरात माणसाला पानापर्यंत आणून सोडते. पुढे पानावर कामाची वेळ नाही, सेवा कुठे देता ते नाही, फोटो एकच आणि तोही कुठून तरी उचललेला, चौकशीला उत्तर दुसऱ्या दिवशी. अशा पानावर हजार माणसं आणलीत तर हजारही परत जातील, आणि प्रत्येक क्लिकचे पैसे मात्र तुमच्या खात्यातून गेलेले असतील.

आधी फुकटातली कामं उरकावीत. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशात दिसणारी धंद्याची फुकट नोंद, पूर्ण भरा. नकाशातले निकाल कशावर ठरतात हे गूगल उघड सांगतं: शोधाशी धंदा किती जुळतो, शोधणाऱ्यापासून किती अंतरावर आहे आणि किती नावाजलेला आहे. अंतर आपल्या हातात नाही. जुळणं आहे, म्हणजे वर्ग नेमका निवडा, सेवा एकेक करून लिहा. नाव व्हायला वेळ लागतो, काम झालेल्या गिऱ्हाइकांनी लिहिलेल्या अभिप्रायांतून ते बरंचसं होतं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचं अ‍ॅप २०१८ पासून आहे, त्यात कॅटलॉग टाका, कामाच्या वेळेनंतर जाणारा आपोआप निरोप लावा. मग स्वतःचं डोमेन (वेबसाइटचा पत्ता) आणि एक साधं पान. त्याचे पैसे पडतात, पण ती जाहिरात नव्हे.

हे सगळं होईपर्यंत तीन महिने जातातच. काय म्हणता?

क्लिकमोजणी

साफ असहमत. 'फुकट' म्हणताना तुम्ही मालकाचा वेळ हिशेबातच धरत नाही. रोज संध्याकाळी रील बनवत बसणारा माणूस त्या वेळात काम करून कमावू शकला असता.

दुसरं, पैसे न देता पोस्ट लोकांना दिसते, तो फुकटचा पोच आता उरलाय कुठे? व्यवसायांच्या पानांवरच्या निव्वळ प्रचारी पोस्ट कमी दाखवणार, हे फेसबुकने नोव्हेंबर २०१४ मध्येच जाहीर केलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा सांगितलं की मित्र-कुटुंबीयांच्या पोस्टना आधी जागा. नव्या पानाची पोस्ट कोणाला दिसणार? नातेवाइकांना. ते लाइक करतात, विकत काही घेत नाहीत.

आणि शोधातली जाहिरात, म्हणजे गूगलवर शोधल्यावर निकालांसोबत दिसते ती, आधीच गरज पडलेल्या माणसासमोर उभी राहते. ज्याच्या घरात नळ गळतोय तो तुमची रील बघून प्लंबर ठरवत नाही, तो शोधतो आणि पहिल्या दोघा-तिघांना फोन करतो. शिवाय गूगल अ‍ॅड्समध्ये लोकांनी नेमकं काय टाइप केलं त्याचा अहवाल मिळतो. "घरी येऊन", "आजच्या आज", "रविवारी चालू" हे वारंवार दिसलं की सेवेत काय बदलायचं तेही कळतं. रोजची मर्यादा अगदी लहान ठेवा. तीन महिने अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

पाटीवाला

शोधातली जाहिरात आणि पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण यांत मी फरक करायला हवा होता असं तुम्ही म्हणाल, तर ठीक, करतो. माझा राग बूस्टवर आहे, पैसे भरून तीच पोस्ट जास्त लोकांना दाखवण्यावर. पण फोन वाजल्यावर उचलणारा कोणी नसेल तर शोधातली जाहिरातही तितकीच वाया.

दुरून_डोंगर

क्लिकमोजणींशी तत्त्वतः सहमत, पण "लहान मर्यादा ठेवा" एवढ्यावर सोडू नका. शोधाची मोहीम उघडली की सर्च पार्टनर (गूगलशी जोडलेल्या इतर शोध-साइटी) आणि डिस्प्ले नेटवर्क (गूगलच्या जाहिराती दाखवणाऱ्या बाकीच्या साइटी) यांच्या खुणा आधीपासून केलेल्या असतात. त्या काढल्या नाहीत तर पैसे भलत्याच अ‍ॅप-साइटींवर जातात. ठिकाणाचं तसंच. मूळ सेटिंगमध्ये तुमच्या भागात असणारेच नव्हे, तर त्या भागात नुसता रस दाखवणारेही धरले जातात. ते बदलून फक्त तिथे असणारे ठेवा. आणि ज्या शब्दांच्या शोधावर जाहिरात दिसायला नको त्यांची यादी पहिल्या दिवसापासून: 'नोकरी', 'कोर्स', 'मोफत', 'स्वतः कसे करावे'.

मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या, जाहिरातींची वेगळीच गंमत. तिथे एका अ‍ॅड सेटला (एकाच प्रेक्षकवर्गासाठी चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) शिकण्याचा टप्पा, म्हणजे जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्रणा शिकते तो काळ, ओलांडायला आठवड्यात साधारण ५० निकाल (चौकशी, खरेदी वगैरे) लागतात. लोक आधीच तुटपुंजं असलेलं बजेट पाच अ‍ॅड सेटमध्ये वाटतात, एकही त्या टप्प्यातून बाहेर येत नाही, आणि मग "फेसबुक चालत नाही" म्हणून मोकळे होतात.

उसनी_जागा

पैसे द्यायचे की नाही हा दुय्यम वाद आहे. गिऱ्हाईक कोणाच्या जागेत जमवताय ते आधी बघा. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच सुमारे सहा तास बंद पडलं. गूगलचं समाजमाध्यम गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गुंडाळलं. बिझनेस प्रोफाइलमधून फुकट बनवून मिळायच्या त्या वेबसाइट गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केल्या. ज्यांनी कार्डांवर, पिशव्यांवर तोच पत्ता छापला होता त्यांनी काय करायचं? स्वतःचं डोमेन, स्वतःकडे ग्राहकांची यादी, बाकी सगळं नंतर.

दोन_टिचक्या

काही वर्षांत एकदा सहा तास बंद पडलं म्हणून वेबसाइट करा? माझ्या माहितीतले कितीतरी लोक फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर छान धंदा करतात. उलट वेबसाइटींची दशा बघा: वरच्या पट्टीत मागच्या-मागच्या वर्षीची सूट, संपर्काचा फॉर्म कोणाच्या इमेलला जातो ते कोणालाच माहीत नाही. आणि ज्या डोमेनला तुम्ही 'स्वतःचं' म्हणता ते बहुतेक वेळा बनवून देणाऱ्याच्याच नावावर असतं. तो फोन उचलेनासा झाला की झालं मालकीचं कल्याण.

उसनी_जागा

मग डोमेन आपल्या नावावर, आपल्या इमेलने घ्यावं. तो वेबसाइटचा दोष कसा?

दोन_टिचक्या

दोष नाही, पण नव्या माणसाला तेवढं सुचत नाही. त्याला व्हॉट्सअ‍ॅप येतं. जे येतं तिथून सुरुवात करू द्या की.

नाकासमोर

व्हॉट्सअ‍ॅपवाल्यांनी एक लक्षात घ्यावं. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप एकदम अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ च माणसं बसतात, आणि निरोप पोचतो फक्त ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांना. मला तर ही अट आवडते. नंबर सेव्ह करण्याइतकी गरज किती जणांना वाटली, ते त्यातून कळतं. ढीगभर नंबर विकत घेऊन ग्रुपात कोंबणाऱ्यांना लोक ब्लॉक करतात, आणि तक्रारी वाढल्या की नंबरच बंद होतो.

इमेलच्या यादीलाही आता तेच नियम. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याबाबत कडक झालेत, स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा म्हणतात. तेव्हा उसनी_जागा, यादी 'स्वतःची' असली तरी दाराचा रखवालदार दुसऱ्याचाच आहे.

हात_पोळलेली

यात एजन्सीचा विषय कोणीच काढला नाही? आमचं काम एका एजन्सीकडे होतं. दरमहा रंगीत अहवाल यायचा: इतके लाइक, इतका पोच. चौकशा किती आल्या विचारलं की उत्तर "ब्रँड तयार होतोय". सोडायचं ठरवल्यावर कळलं, जाहिरातीचं खातं त्यांच्याच नावावर. जुना सगळा तपशील तिकडेच राहिला. आता खातं माझं, पैसे माझ्या कार्डावरून, बाहेरच्याला फक्त काम करण्यापुरता प्रवेश. नवख्यांनी जाहिरात करावी की करू नये ते तुम्ही ठरवा, पण खातं दुसऱ्याच्या नावावर नको.

मी_एजन्सीवाला

ताई, खात्याबद्दल शंभर टक्के बरोबर. पण दुसरी बाजूही ऐका. चौकशा पाठवल्या तरी "भाव विचारून जातात" ही तक्रार येते. मेसेजला चार तासांनी उत्तर दिलंत तर तोवर तो माणूस दुसरीकडे गेलेला असतो. ते खापरही आमच्याच डोक्यावर.

क्लिकमोजणी

@पाटीवाला, "तीन महिने" ऐवजी "प्रोफाइल पूर्ण होईपर्यंत" म्हणा. मी वाद थांबवतो.

पाटीवाला

नाही म्हणणार. प्रोफाइल एका दुपारी भरून होतं, अभिप्राय एका दुपारी येत नाहीत. आणि सूट देऊन ते लिहून घेणं गूगलच्या नियमात बसत नाही. पानावर एकही अभिप्राय नसताना शेजारी पन्नास अभिप्रायवाला दिसतोय, तर तुमच्या जाहिरातीवर क्लिक करूनही लोक त्यालाच फोन करतील.

क्लिकमोजणी

ज्याचा धंदाच हंगामी आहे, वर्षातून दोन महिन्यांचा, त्याने काय करायचं?

पाटीवाला

हंगामाच्या तीन महिने आधी सुरू करायचं.

क्लिकमोजणी

आणि हंगाम पुढच्या आठवड्यात असेल तर?

पाटीवाला

तर शोधातली जाहिरात, फक्त तेवढीच, आणि फोनवर दिवसभर कोणाला तरी बसवून. बूस्ट तरीही नाही.