अनुभव धागा : वर्दी सरकारची, बूट पदरचे

खाडीपल्याड
कौलं गळायला लागली म्हणून काल माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढली. आत बाबांचे फौजेतले बूट. उजव्याचा तळवा चक्क जाळ्याच्या तंगूसने शिवलेला! बाबा पायदळात होते. सुट्टीवर आले तेव्हा सोल उकललेला, स्टोअरमध्ये उत्तर एकच, "साइज आला की देतो". शेजारच्या तांडेलकाकांनी पडवीत बसून दाभणाने टाके घातले, वर मेणही चोळलं. परत जाताना बाबांनी बेळगावच्या कॅम्पातून स्वतःच्या पैशाने नवा जोड घेतला. किंमत आईला शेवटपर्यंत कळली नाही.
तुमच्याकडे कोणी फौजी असेल तर लिहा, काय काय पदरचं घ्यावं लागलं?

आंबोशी
मोजे!!! नवरा लेहला होता. मिळालेले दोन धुण्यांत ढिले. मग मी आणि सासूबाई विणून पाठवायचो. गुहागरात मे महिन्यात घामाच्या धारा, आणि आम्ही मांडीवर लोकर घेऊन. गावभर हसू. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

रिटायर हवालदार
सगळाच माल वाईट नसतो हो. माझा अंगोला शर्ट, म्हणजे लोकरमिश्रित फौजी शर्ट, अजून टिकलाय, रात्री डुकरं हाकायला शेतावर जातो तेव्हा तोच अंगात. गोची असते मापाची आणि वेळेची. माझा पाय सहा नंबर, स्टोअरात आठ-नऊ. दोन-दोन मोजे चढवून पीटी केली, अंगठ्याची नखं काळी पडून गळाली. पहिला पगार बुटात गेला. 2017 ला जवानांना वर्षाला 10,000 रुपये ड्रेस भत्ता ठरला. चांगलं झालं, पण डोंगरात फिरणाऱ्याला एका चांगल्या बुटाची किंमत विचारा.

सड्यावरची
आणि सियाचिन? कॅगचा अहवाल फेब्रुवारी 2020 मध्ये संसदेत आला, त्यात बर्फाच्या गॉगलची तूट 62 ते 98 टक्के लिहिली होती. नोव्हेंबर 2015 ते सप्टेंबर 2016 नवे बूट दिलेच नव्हते, जुनेच दुरुस्त करून वापरले. माझा भाऊ तिकडे राहून आलेला. बातमी वाचून आईने फोन लावला तर म्हणतो, "अगं, गॉगल मी लेहच्या बाजारात घेतला होता, तू जेव." ती काही जेवली नाही.

वायंगणी
माझो भाव फोर्सात, गडचिरोलीक असता. टॉर्च, मच्छरदाणी, गुडघ्याक लावूची पॅडां, सगळा आपल्या पैशान घेतल्यान. वहिनी म्हणता, पगार घराक येता काय दुकानाक जाता?

सड्यावरची
@वायंगणी वहिनींना दंडवत 😂

चिपळूणकर_२
नेव्हीवाले कोणी नाहीत का? आणि गणपतीचं तिकीट कन्फर्म झालंय का कुणाचं? मी वेटिंग १४०

रिटायर हवालदार
@चिपळूणकर_२ एसटीने या.

आंबोशी
हां, तर. मोज्यांत कुळथाच्या पिठाची पुरचुंडी घालून पार्सल करायचो, जागा वाचते म्हणून. एकदा पुडी फुटली. मोजे झटकून आमच्या साहेबांनी, म्हणजे नवऱ्याने, त्याच पिठाची पिठी केली, तंबूतल्या पंजाब्यांनी पातेलं पुसून खाल्लं. पुढच्या पत्रात मोज्यांचं नाव नाही, नुसतं "पीठ जास्त पाठव".

खाडीपल्याड
🤣🤣 कुळीथ भाजून दळता की कच्चेच?

आंबोशी
भाजून, भरडून, सालं पाखडून. कच्च्याला उग्र वास येतो.