सायकलने ऑफिसला न जाणारे सगळे आळशीच का?

खडूस कोथरूडकर
काल आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने भलीमोठी पोस्ट टाकली, सोबत हेल्मेट-गॉगलवाला सेल्फी. म्हणणं असं की पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं, आता लोकांना कोपऱ्यावरून दूध आणायला पण ॲक्टिव्हा लागते, आणि ज्याला दहा-बारा किलोमीटर सायकल मारायची लाज वाटते त्याने ट्रॅफिकबद्दल तोंड उघडू नये. खाली धडाधड अंगठे. तिथे उत्तर दिलं तर पुढच्या मीटिंगला पार्किंगवरून माझी हजामत होईल म्हणून इथे लिहितोय.

दुधाचं मान्य. पण लाज कुठून आली मध्येच? माझं ऑफिस हिंजवडीत. कोथरूडवरून निघायचं, चांदणी चौकाचा चढ चढायचा, वर हायवे. शेजारून कंटेनर गेला की नुसत्या वाऱ्याने हँडल हलतं. 2023 ला तिथे नवे पूल आणि रॅम्प झाले, कुठला रॅम्प कुठे उतरतो हे चारचाकीवाल्यांना बोर्ड वाचूनही कळत नाही, त्यात सायकलवाल्याने नेमकं कुठून घुसायचं हे कोणी ठरवलेलंच नाही. बरं, पोचलो. गेटवर सिक्युरिटी विचारतो, सर पास? पास काढायला गाडीचा नंबर लागतो, नंबर टाकल्याशिवाय त्यांची सिस्टीम पुढे सरकत नाही, सायकलला नंबर नाही. म्हणजे सायकल बाहेर झाडाला बांधा. मग घामाने ओला शर्ट घेऊन नऊच्या मीटिंगला बसा.

सायकलचा पूर्ण आराखडा 2017 ला मंजूर झालाय, आठशेच्या वर किलोमीटरचं जाळं आहे त्यात. कागदावर. रस्ता नाही, लावायला जागा नाही, आंघोळीची सोय नाही, आणि आळशी कोण तर मी!

चेन उतरली
साहेब, तुम्ही मुद्दाम शहरातला सगळ्यात वाईट रूट घेऊन आलात. कोथरूड-हिंजवडी सायकलने जा असं कोण शहाणा सांगेल? बऱ्याच जणांचं रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं असतं, क्लास, बँक, दुकान, स्टेशन. एवढ्या अंतराला संध्याकाळी कर्वे रोडवर सायकल आणि स्कूटर जवळपास एकाच वेळी पोचतात, मी रोज बघतो. घामाचं म्हणाल तर तो दामटवल्यामुळे येतो. चढाला हलका गिअर टाका, बॅग पाठीवर न घेता कॅरियरला लावा, पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसून शर्ट बदला. शॉवर लागतो हे न जाणाऱ्यांचं आवडतं कारण आहे.

आणि हिंजवडीचंच असेल तर ई-सायकल घ्या. 250 वॉटच्या आतली मोटर आणि ताशी 25 च्या आत वेग असेल तर लायसन्स, नंबर काही लागत नाही.

खडूस कोथरूडकर
म्हणजे परत गेटवर अडकलो.

रमाकाकू
मी नूमवि शाळेच्या जवळच दुसऱ्या एका शाळेत शिकवायचे, आणि रिटायर होईपर्यंत सायकलवर गेले. नऊवारी नव्हे, पाचवारीत. लेडीज सायकल, मागच्या चाकाला जाळी. तेव्हा सायकलला दिवा नसला की पोलीस पकडायचा, डबलसीट दिसलं की पकडायचा, महापालिकेचा बिल्ला नसला तरी पकडायचा. एवढं सगळं सांभाळून लोक जात होतेच ना? आता नातू आमच्या मुलाला म्हणतो, मला क्लासला सोडायला गाडी पाठवा. चढ तेव्हाही होते हो, पर्वती काही नंतर उगवलेली नाही.

काडीपेटी
काकू, आदर ठेवून विचारतो, तेव्हा रस्त्यावर मोटारी किती होत्या? 1972 ला लुना मोपेड आली आणि ज्याला ज्याला परवडली त्याने सायकल सोडली. तुमची पिढी काही आवडीने पायडल मारत नव्हती, दुसरं काही परवडत नव्हतं. परवडल्याबरोबर सगळे स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत बसले. हे सायकलींचं शहर वगैरे म्हणजे गरिबीला दिलेलं गोड नाव आहे.

रमाकाकू
आमच्याकडे स्कूटर होती. ते घेऊन जायचे. मला सायकल आवडायची म्हणून मी सायकलने जायचे. सगळ्यांच्या मनातलं तुम्हाला कळतं म्हणजे कमाल आहे.

मँचेस्टरवाला
पुण्याभाईर पण म्हाराष्ट्र हाय बरं का मंडळी. आमच्या इचलकरंजीत पाळी सुटली की लूमवाल्यांच्या सायकली बघा रस्त्यावर, डबा हँडलला, एका हातात मोबाईल. त्यातला कोण सेल्फी टाकत न्हाई. 2011 च्या जनगणनेत कामाला कशानं जाता असं इचारलं हुतं, शेती आन् घरगुती धंदे सोडून बाकीच्या कामकऱ्यांत देशात तेरा टक्क्यांच्या आसपास सायकलवर जाणारी निघाली. ही सगळी हौशी हैत व्हय? तुमच्या सोसायटीचा वॉचमन कशानं येतो ते इचारा एकदा, मग सायकल जमती का न्हाई त्यावर धागा काढा.

खडूस कोथरूडकर
मुद्दा बरोबर आहे, आणि माझ्याच बाजूचा आहे. वॉचमनला कोणी शाबासकी देत नाही, तो सेल्फीवाल्याच्या गणतीत पण नाही. (विचारलं मी. तो सायकलनेच येतो. त्याची सायकल सोसायटीत जिन्याखाली लावू देत नाहीत, कारण 'दिसायला बरं नाही'. ठराव कोणी मांडला होता ओळखा.)

चेन उतरली
हा हा, सेल्फीवाला? अरेरे. बरं, हा धक्का मी आमच्या जमातीच्या वतीने सोसतो.

बंड्या युट्रेक्ट
इथे नेदरलँड्समध्ये येऊन बरीच वर्षं झाली. दरवेळी कोणी तरी म्हणतं की तिकडे सपाट आहे म्हणून चालतं. सपाट आहे, पण समोरून वारा सुटला की दात ओठ खाऊन पायडल मारावं लागतं आणि वर पाऊस. इथेही साठ-सत्तरच्या दशकात सगळे मोटारींच्या मागे लागले होते. 1971 साली अपघातांत चारशेच्या वर मुलं गेली, तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले, 'मुलांची हत्या थांबवा' अशा नावाची चळवळच झाली, मग 1973 चं तेलसंकट आलं आणि कुठे सरकार हललं. आता युट्रेक्ट स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली लावायचा तळ आहे. लोक हेल्मेट घालत नाहीत, घाम पुसत नाहीत, सूट घालून जातात. कारण रस्ता वेगळा आहे. आपल्याकडे उलटं, आधी माणसाला धारेवर धरतात, रस्त्याचं नंतर बघू.

काडीपेटी
आला, युरोप आला. मी वाटच बघत होतो.

बंड्या युट्रेक्ट
तुम्हाला पटत नसेल तर सोडून द्या, मी काही तिकीट काढून देत नाहीये.

चेन उतरली
बंड्याशेठ, रस्ता वेगळा केला तरी आमच्याकडे काय होतं ते बघा. 2006 ला बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन केली त्या वेळी सातारा रोड, सोलापूर रोडला सायकल ट्रॅक केले होते. वर पेव्हर ब्लॉक, दर फुटाला खडखड, मनगटं बधिर होतात. गाड्या शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब पुरायचे आणि ते इतके जवळ की हँडलच जात नाही, उतरून सायकल तिरकी करून न्यायची. मध्येच विजेचा डीपी बॉक्स, पुढे बसस्टॉप, ट्रॅक संपला, समोर फूटपाथची कड. कडेने जावं तर पावसाळी गटाराची जाळी, तिचे गज रस्त्याच्या दिशेने लावलेले, बारीक टायर सरळ आत. मी एकदा असा हँडलवरून पुढे उडालोय, म्हणून आता जाळी दिसली की मधल्या लेनमध्ये जातो आणि मागच्याच्या शिव्या खातो.

उमाळे
जाळीत गेलं कारण बारीक टायर. जुन्या काळ्या सायकलला चांगला जाड टायर असायचा, कुठे अडकत नव्हता. आता वीस-पंचवीस हजाराची 'हायब्रिड' घ्यायची आणि तिला मडगार्ड नाही, कॅरियर नाही, चेनकव्हर नाही, घंटी नाही. दुकानदार म्हणतो ॲक्सेसरीज वेगळ्या. अहो, मडगार्ड ॲक्सेसरी कधीपासून झालं? पुण्यात चार महिने पाऊस. मी पहिल्या पावसात ऑफिसला पोचलो तर पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत चिखलाची एक सरळ रेघ, लिफ्टमध्ये लोक बाजूला सरकले.

चेन उतरली
दोन-चारशेत प्लास्टिकचे मडगार्ड मिळतात, लावून घ्यायचे. आणि जुन्या सायकलचं कौतुक पुरे. रॉडचे ब्रेक आणि लोखंडी रिम, पावसात ब्रेक दाबला की देवाचं नाव घ्यायचं. वजन किती? एकच गिअर. ती घेऊन सेनापती बापट रोडचा चढ चढून दाखवा, मग बोलू.

उमाळे
प्लास्टिकचे मडगार्ड खड्ड्यात गेलं की टायरला घासतात आणि महिन्यात क्लिप तुटते. मी तेच म्हणतोय. सायकल विकतात ती रविवारी सकाळी सिंहगडच्या पायथ्याला जाऊन पोहे खाऊन परत यायला, कामाला जायला नाही. ज्याला रोज वापरायची त्याने उरलेली सायकल स्वतः गोळा करायची.

चेन उतरली
रविवारवाल्यांमुळेच चांगल्या सायकली इथे यायला लागल्या, नाहीतर अजून रॉड ब्रेकच ओढत बसला असतात. आणि डिरेलरवाल्या, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलून गिअर बदलणाऱ्या सायकलला पूर्ण चेनकव्हर बसत नाही, चेन आडवी सरकते, हे तांत्रिक कारण आहे. रागावून बदलत नाही ते.

ओढणीवाली
चेनकव्हरवर मी बोलू का? कारण आत्तापर्यंत सगळे पुरुषच भांडताय. मी डेक्कनच्या सिग्नलला पडले. नवी गिअरची सायकल, ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं, मान मागे ओढली गेली, सुदैवाने सिग्नल नुकताच सुटला होता त्यामुळे मागचा स्पीडमध्ये नव्हता. एका फुगेवाल्याने येऊन पायडल उलटं फिरवून टोक सोडवलं. घरी सांगितलं तर उत्तर काय, ओढणी कशाला घालतेस सायकलवर. दुकानात सांगितलं तर म्हणे मॅडम, ट्रॅकपँट घाला ना. मी कॉलेजात शिकवते, रोज ट्रॅकपँटमध्ये जाऊ आणि तिकडे कपडे बदलायला टॉयलेटमध्ये रांग लावू? रमाकाकूंच्या मागच्या चाकाला जाळी होती. आता ती मागितली की दुकानदार हसतो.

उमाळे
हेच!! तांत्रिक कारण म्हणे.

चेन उतरली
ताई, वाईट झालं, पण कुठली सायकल घ्यायची हे बघून घ्यायला हवं होतं. इंटर्नल हबची, म्हणजे गिअर मागच्या चाकाच्या हबच्या आत असलेली घेतली असती तर पूर्ण कव्हर बसलं असतं.

ओढणीवाली
कुठे मिळते? लक्ष्मी रोडला? दुकानात पन्नास सायकली मांडलेल्या असतात, त्यातली सलवार-कमीजवर चालवता येईल अशी दाखवा, मी लगेच घेते. 'बघून घ्यायला हवं होतं' हे वाक्य ना आम्ही प्रत्येक गोष्टीत ऐकतो.

मँचेस्टरवाला
दादा, माफी मागून मोकळं व्हा. आमच्या पावण्यांच्या गावात पोरींना सरकारच्या मानव विकास योजनेच्या सायकली मिळाल्या, आठवी ते बारावीच्या पोरींना देत्यात. साधी लेडीज सायकल, चेनकव्हर, म्होरं बास्केट. पोरी झ्याक शाळंला जात्यात. सरकारला कळलं ते पुण्याच्या दुकानात कळंना.

चेन उतरली
बरं बाबा, चेनकव्हर हवं. लिहून देतो स्टँपपेपरवर. 'बघून घ्यायला हवं होतं' हे मागे घेतो, पण रॉड ब्रेक वाईट हे मागे घेणार नाही, मेलो तरी.

काडीपेटी
मूळ मुद्दा कुठे गेला? पुण्याचे सायकलवाले चेनकव्हरवर युद्ध करतायत आणि तिकडे लोकांनी अजून दोन गाड्या बुक केल्या. 2017-18 ला त्या पिवळ्या-केशरी भाड्याच्या सायकली आल्या होत्या आठवतं? त्यांना मडगार्ड होतं, कव्हर होतं, जाड टायर होतं. काय झालं? लोकांनी कुलपं तोडली, वर्षा-दोन वर्षांत सगळं गुंडाळलं. लोकांनाच नकोय हो.

ओढणीवाली
मी वापरायचे त्या. चालवायला जड होत्या, पण ओढणी कधी अडकली नाही. बंद पडल्या त्या कंपन्यांच्या गणितामुळे, त्यातली एक तर अख्ख्या भारतातून गेली. आणि ज्यांनी कुलपं तोडली त्यांना सायकल हवीच होती की, फुकट हवी होती एवढंच.

काडीपेटी
हे मात्र बिनतोड आहे. मानलं. एकदाच.

रमाकाकू
ओढणीवाली, अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला आतल्या बोळात अजून एक जुना कारागीर बसतो, पंक्चर काढतो, चाकाचा आउट काढतो, मडगार्ड ठोकून देतो. जाळी तो तारेची विणून द्यायचा. आहे का अजून, ते मी उद्या बघून सांगते. ओढणी मात्र दोन्ही खांद्यांवरून पुढे घेऊन कमरेला गाठ मारत जा तोपर्यंत.

उमाळे
काकू, त्याच्याकडे लोखंडी मडगार्ड असतील तर हायब्रिडच्या 700 मापाच्या चाकाला बसतात का तेवढं विचारा. प्लीज.

चेन उतरली
नाही बसणार. जुन्या सायकलची 28 इंची रिम वेगळी असते.

उमाळे
तुम्हाला विचारलं नव्हतं.

खडूस कोथरूडकर
काकू, त्याला नंबरप्लेट ठोकता येते का ते पण विचारा. गेटवर दाखवायला काहीतरी नंबर पाहिजे, बाकी मी बघतो.