क्लॅनमध्ये को-लीडर किती ठेवावेत?

केळीवाला_रावेर: क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइल गेममधला आमचा क्लॅन, म्हणजे खेळाडूंचा गट, 50 जणांनी फुल्ल. निम्मी पोरं दिवसा केळीच्या कटाईवर, रात्रीच ऑनलाइन. अन् प्रत्येकाला को-लीडर व्हायचंय! शालकाने तर डोकंच खाल्लंय.

भरीतप्रेमी_जळगाव: वाटत सुटू नका भाऊ. को-लीडर दुसऱ्या क्लॅनशी वॉर लावू शकतो, एल्डरलाही (को-लीडरच्या खालचं पद) काढू शकतो. आमच्याकडे एकाने भरीत पार्टीत बसून वॉर लावलं, निम्मा क्लॅन वांगी भाजत होता. एल्डर करा. मान मिळतो, वॉरचं बटण नाही.

धुळ्याचा_गडी: दोन बस झाले, एक दिवसाचा, एक रात्रीचा. वॉरमध्ये माणशी दोनच हल्ले असतात, तेही न मारणाऱ्याला कसली बढती?

केळीवाला_रावेर: अन् शालक?

भरीतप्रेमी_जळगाव: त्याला लीडरच करा. तुम्ही आपोआप को-लीडर व्हाल, शिव्या तो खाईल.