देशपांडे ताईंचा गेमिंग पीसी आणि ग्रुपवरची संध्याकाळ

देशपांडे ताई (बी-४०२): मंडळी, गेमिंगमधलं कळणारं कोणी आहे का? दहावी झाल्यापासून चिरंजीवांनी पीसीचा धोशा लावलाय. कोटेशन आलंय ८७ हजारांचं, त्यात निम्मे पैसे एकट्या ग्राफिक्स कार्डाचे. हा म्हणतो, नाहीतर क्लाउड गेमिंग घेऊन दे, जुन्या लॅपटॉपवर चालेल. खरं आहे का?

साने काका (ए-१०१): मैदानावर पाठवा. खर्च शून्य.

रोहित (सी-६०३): 😄 ताई, खरं आहे. गेम चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, तुमच्याकडे येतो नुसता व्हिडिओ. मुलाने बटण दाबलं की ते तिकडे जातं. यूट्यूब नीट चालत असेल तर लॅपटॉपचं तेवढंच काम. मी अशीच एक सेवा वापरतो.

देशपांडे ताई: आमचं नेट १०० एमबीपीएस आहे. पुरेल ना?

रोहित: पुरून उरेल, १०८०पीला (फुल एचडी चित्राला) २५ बास. खरी गोम पिंगमध्ये आहे. बटणाचा निरोप जाऊन परत यायला लागणारा वेळ. सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्यात बसून मजेत खेळता येतं. सिंगापूरचा असेल तर जवळजवळ ४ हजार किलोमीटर, जाऊन येऊन फायबर केबलमधल्या प्रकाशालाच ४० मिलीसेकंद. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम १७ मिलीसेकंदांची, म्हणजे दोन फ्रेमहून जास्त उशीर. सुरुवातीला मी दोन भिंतींपलीकडच्या वायफायवर रेसिंग खेळलो होतो. ब्रेक दाबला तेव्हा गाडी कधीच कठड्यात घुसली होती 🤦

मेघना (सी-२०५): आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळू देऊ नका हं. २५च्या वेगाने तासाला ११ जीबी जातो. आमच्याकडे दिवसाचे २ जीबी दहा-अकरा मिनिटांत साफ, वर ऑफिसचा कॉल लटकला तो वेगळाच.

सेक्रेटरी: कृपया हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी वापरावा. टँकर ७ वाजता येईल.

साने काका: आणि कंपनीने उद्या दुकान बंद केलं तर? पीसी निदान घरात तरी राहतो.

मेघना: काकांचा मुद्दा बरोबर आहे. गूगलचं स्टेडिया, अशीच क्लाउड सेवा, नोव्हेंबर २०१९ला आलं, जानेवारी २०२३ला बंद. भारतात आलंच नाही. माझ्या अमेरिकेतल्या भाच्याने घेतलं होतं. गेमचे पैसे परत आले त्याला, पण महिन्याची वर्गणी गेली ती गेलीच.

रोहित: म्हणून वर्षाचं एकदम भरू नका, एक महिना घेऊन बघा. जीफोर्स नाऊसारख्या सेवेत गेम वेगळा विकत घ्यावा लागतो, पण तो तुमच्या स्टीमच्या (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) खात्यावर राहतो. पुढेमागे पीसी घेतलात तर तिथेही चालेल. बरं, त्याला खेळायचंय काय? हे आधी विचारायला हवं होतं मी.

देशपांडे ताई: थांबा, विचारते.

देशपांडे ताई: व्हॅलोरंट म्हणतोय. मित्र सगळे तेच खेळतात.

रोहित: अहो मग प्रश्नच मिटला! व्हॅलोरंट जीफोर्स नाऊवर नाहीच. त्याचं चीटिंग पकडणारं व्हॅनगार्ड सॉफ्टवेअर खुद्द खेळणाऱ्याच्या मशीनमध्ये खोलवर बसतं. पण गेम हलका आहे, कमीत कमी ४ जीबी रॅम मागतो. लॅपटॉपवर विंडोज ११ असेल तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (लॅपटॉपच्या सुरक्षेच्या दोन सोयी) चालू आहेत का तेवढं बघा.

देशपांडे ताई: रॅम ८ आहे!! म्हणजे ८७ हजार कशाला सांगत होता हा??

मेघना: पीसीतल्या रंगीबेरंगी आरजीबी लाइटसाठी 😂

देशपांडे ताई: आता म्हणतोय सायबरपंक पण खेळायचाय.

रोहित: तो मात्र जड. त्याला एक महिना क्लाउड घ्या. आणि वायफाय नको, राउटरपासून सरळ लॅन केबल.

देशपांडे ताई: राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, याची खोली टोकाला. १५ मीटर तरी लागेल. भिंतीला भोक पाडायला कोणाकडे ड्रिल आहे का?

साने काका: माझ्याकडे आहे. बिट तुमचा आणा.