पाचव्या महिन्यात व्हिटॅमिन सी आणि ई च्या गोळ्या घेऊ का?

नेरुळची_मनू:
ताईंनो, विसावा आठवडा चालू आहे, दुसरं बाळ. पहिल्या वेळी आठव्या महिन्यात बीपी वाढलं, पायांवर सूज, लघवीत प्रोटीन आणि घाईघाईत सिझर, त्यामुळे यावेळी जाम टेन्शन आहे. जाऊबाईंनी कुठेतरी ऐकलं की अँटिऑक्सिडंट घेतले की बीपी वाढत नाही, म्हणून मेडिकलमधून सी ५०० च्या चघळायच्या गोळ्या (दिवसाला दोन) आणि त्या हिरव्या ई ४०० कॅप्सूल आणून दिल्यात. एवढ्या मायेने आणल्यात, नको म्हणवत नाही. मॅडमची अपॉइंटमेंट गुरुवारी आहे, तोवर सुरू करू का?

ठाणेकर_फार्मासिस्ट:
नको, सुरू करू नका. जाऊबाईंनी ऐकलंय ते अगदीच हवेतलं नाही हं, १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये २८३ बायकांवर छोटा अभ्यास झाला होता त्यात याच डोसने फायदा दिसला होता, सगळ्यांना खूप आशा वाटली. पण २००६ मध्ये तिथेच तुमच्यासारख्या रिस्क असलेल्या जवळपास २४०० जणींवर तेच, सी १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट, देऊन बघितलं तर प्रीएक्लॅम्प्सिया (म्हणजे तुम्हाला पहिल्या वेळी झालं तसं, बीपी वाढून लघवीत प्रोटीन जाणं) कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळं जास्त झाली. २०१० मध्ये अमेरिकेत दहा हजार जणींवर केलं, तिथेही फायदा शून्य. डब्ल्यूएचओ पण यासाठी सी-ई देऊ नका म्हणतं. काउंटरवर सहज मिळतं म्हणून ते निरुपद्रवी असं लोक धरून चालतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं. मॅडमनी हेच टाळायला ॲस्पिरिनची छोटी गोळी दिली असेल तर ती मात्र मनाने बंद करू नका, आणि दिली नसेल तर गुरुवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करून पहिल्या वेळचं सगळं सांगा.

खारघर_आई:
माझंही पहिल्या वेळी बीपी होतं गं, समजू शकते. प्रेग्नन्सीत सी रोज ८० मिलिग्रॅमच्या आसपास लागतं, ते एका पेरूत किंवा आवळ्यात निघतं, त्याला गोळी कशाला. आयर्नची गोळी लिंबूपाण्यासोबत घे, चहासोबत नको, आणि कॅल्शियम वेगळ्या वेळी. कॅल्शियम चुकवू नकोस, आपल्या जेवणात ते कमीच असतं आणि बीपीसाठी त्याचा खरंच उपयोग आहे. मी घरी बीपीचं मशीन घेतलेलं, रोज वहीत लिहायचे. खूप डोकं दुखलं, डोळ्यांसमोर चमकलं, बरगडीखाली दुखलं तर रात्र असली तरी हॉस्पिटल गाठ.

ठाणेकर_फार्मासिस्ट:
आणि मल्टिव्हिटॅमिन वेगळं चालू असेल तर पाकीट मॅडमना दाखवा, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळाला त्रास होतो.

नेरुळची_मनू:
थँक्यू दोघांना. आत्ताच फोन केला, मॅडमनी उद्या सकाळीच बोलावलंय. जाऊबाईंना हे वाचून दाखवलं, त्या लगेच म्हणाल्या राहू दे त्या गोळ्या, आणि आता मार्केटमधून पेरू आणायला गेल्यात.